पुढचं जात्यावर बसल्यावर

माझ्याकडे आजीचा आवाज सदतीस सेकंदांचा आहे. एका गणपतीत चुलतभावाने मोबाइलवर घेतलेला. मागे झांजा वाजतायत, पोरं ओरडतायत, कुणीतरी काडेपेटी शोधतंय. आजी पडवीत भिंतीला टेकून बसली आहे. भाऊ म्हणतो, "आजे, एक ओवी म्हण की." ती नको नको करते, पदर सारखा करते आणि मग एकदम सुरू करते:

माहेराची माझ्या वाट, भरल्या पाण्याखाली
सांगा माझ्या बयाला…

इथे ती थांबते. उजवा हात हवेत गोल फिरवते, एकदा, दोनदा. हाताला काहीतरी लागायला हवं होतं आणि ते लागत नाही, असा तो हात दिसतो. मग हसते आणि म्हणते, "पुढचं जात्यावर बसल्याबिगर यायचं न्हाई बाबा." क्लिप तिथेच संपते.

ती गेली त्याला आता तीन वर्षं झाली. आधार कार्डावर तिची जन्मतारीख १ जानेवारी १९३८ अशी होती. खरी तारीख कुणालाच माहीत नव्हती, तिलाही नाही. दहावं, तेरावं यांत मी नुसती धावत होते. पाहुण्यांच्या गाड्या, स्वयंपाकाच्या बाया, भांडी परत करणं. रडू आलं ते पाच महिन्यांनी, पुण्यात, पिठाच्या गिरणीत. दळणाचा डबा घेतला, झाकण उघडलं, गरम पिठात हात घातला आणि चिमूट घेऊन अंगठा आणि तर्जनीत चोळून बघितली. पीठ जाड निघालंय का बारीक, हे आजी असंच बघायची. पुण्याला आमच्याकडे आली की गिरणीतून आणलेला डबा आधी तिच्यापुढे ठेवावा लागे. मी असं कधीच करत नव्हते. त्या दिवशी हाताने आपणहून केलं. गिरणीवाले काका विचारत राहिले, "काय झालं ताई, जाड आलं का?" मला बोलता येईना.

त्या रात्री ती क्लिप मी किती वेळा ऐकली सांगता येणार नाही. आणि पहिल्यांदाच जाणवलं की ओवी अर्धीच आहे. बयाला काय सांगायचं होतं? बया म्हणजे तिची आई. निरोप द्यायला कुणालातरी उभं केलंय, 'सांगा' म्हटलंय, आणि निरोपच गायब. वडिलांना विचारलं. त्यांना आठवेना. आत्याला फोन केला. ती म्हणाली, "अगं, तिच्या ओव्या कोण ऐकत होतं तेव्हा! आम्ही झोपेत असायचो." हे आत्याचं खरं होतं. ओवी पहाटेची. शुक्राची चांदणी वर आली की बाया उठायच्या आणि दिवस उजाडायच्या आत दळण उरकायच्या. पोरांनी ती ऐकली ती अर्धवट झोपेत.

मीही तशीच ऐकली आहे. मी लहान असताना गावात गिरणी येऊन बरीच वर्षं झाली होती, पण आजीचं जातं लगेच थांबलं नव्हतं. डाळी भरडायला, लग्नाघरी हळद दळायला, आणि कधी गिरणीची वीज गेली की नाचणी दळायला ते चालायचं. आजी एक पाय लांब पसरून, एक मुडपून बसायची. त्या पसरलेल्या पायाच्या मांडीवर डोकं ठेवून मी झोपायचे. जातं फिरलं की मांडी हलायची, एका लयीत, आणि ओवी माझ्या कानात तिच्या हाडांतून यायची. शब्द कमी, घरघर जास्त. मला त्यातली एकच ओवी पाठ होती, कारण ती माझी होती. निदान मी तसं समजत होते:

नात माझी गं साळुंकी, हिंडं घरात दारात
पायी वाजती पैंजण, माझ्या दळणाच्या भरात

शोध सुरू केला तो या ओवीपासून. पुण्याच्या आसपासच्या डोंगरी गावांतून जात्यावरच्या ओव्या गोळा करण्याचं मोठं काम हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी १९८० च्या दशकात सुरू केलं होतं. एक लाखाहून जास्त ओव्या, हजाराहून जास्त गावं. २०१७ पासून 'परी', म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया, या संकेतस्थळावर त्या लोकांसमोर येऊ लागल्या. गाणाऱ्या बाईचं नाव, गाव, तालुका, कुठे कुठे आवाजही. मी रात्र रात्र ते ऐकत बसले. आमच्या भागातल्या बायांचे आवाज लागले की अंगावर काटा यायचा. तोच हेल, ओळीच्या शेवटी तसाच सोडलेला श्वास.

आणि मग तीच घडण सापडली. साळुंकी, मैना, घरभर हिंडणारी पोर, पायातली पैंजणं. कुणी लेकीला घातलेली, कुणी भाचीला. तालुके वेगळे, बाया वेगळ्या, एकमेकींना कधी न भेटलेल्या. मला वाईट वाटलं, ते लपवत नाही. इतकी वर्षं जी ओवी माझ्यासाठी केली असं मी धरून चालले होते, ती शेकडो पोरींची निघाली. दोन दिवस मी तो लॅपटॉपच उघडला नाही.

नंतर एवढंच उमगलं की त्या सगळ्यांत 'नात' हा शब्द फार कमी आहे. पुष्कळ ओव्या तरण्या बायांच्या, दळणाच्या उमेदीच्या वयातल्या. त्यांत लेक येते, भाऊ येतो, आई येते. नात येईपर्यंत बाईच्या हातातला जात्याचा खुंटा सुनेकडे गेलेला असतो. आजीच्या हातातून तो कुणाकडे गेला नव्हता. तिने 'लेक' काढून 'नात' घातली होती. ओवीत तिची करामत तेवढीच, पण ती तिचीच.

मग ठरवलं, गावी जायचं आणि जातं चालू करायचं. आजीनेच सांगून ठेवलं होतं, पुढचं जात्यावर बसल्याबिगर यायचं नाही.

आमचं गाव भोर तालुक्यात, भाटघर धरणाच्या पाण्याच्या कडेला. वेळवंडी नदीवर आजचं धरण इंग्रजांच्या अमलात, १९२० च्या दशकात उभं राहिलं आणि खोऱ्यातल्या जुन्या वाटा पाण्याखाली गेल्या. आजीचं माहेर समोरच्या तीरावर. पावसाळा सरला की धरण तुडुंब, मग होडीने जायचं नाही तर लांबून वळसा घ्यायचा. पाणी उतरतं ते उन्हाळ्यात. वैशाखात पात्रातली जमीन उघडी पडते, भेगाळते, कांबऱ्याचं महादेवाचं देऊळ पाण्यातून वर येतं, आणि जुन्या वाटेचे दगड दिसायला लागतात. त्या दिवसांत आजीचं माहेर तासाभराच्या चालीवर यायचं. मृग लागला की परत दूर.

मी मे महिन्यात गेले. काकूला विचारलं, "जातं कुठंय?" तिने इकडे तिकडे बघितलं. काका म्हणाले, "आसंल गोठ्यात." गोठ्यात खालची तळी सापडली, म्हशीच्या गव्हाणीला टेकू दिलेली. वरची पाळी कुठेच मिळेना. सगळं घर पालथं घातलं. शेवटी मागच्या दारी चूळ भरायला गेले आणि पाय ठेवला त्या दगडाकडे बघितलं. घराला स्लॅब पडला तेव्हा मागच्या दाराला पायरी हवी होती. तेव्हा ही पाळीच उपडी घालून सिमेंटमध्ये बसवली होती. मधलं भोक मातीने बुजलेलं. पंचवीसेक वर्षं आम्ही सगळे त्यावर पाय ठेवून आत येत होतो, चपला सोडत होतो. आजीसुद्धा. ती बघत होती आणि काही बोलली नव्हती.

काकांनी स्वतः पहार घेतली. काकू म्हणाली, "पायरीला दुसरा दगड आनावा लागंल," तर ते तिच्यावर खेकसले. मग गप्प होऊन बराच वेळ सिमेंट फोडत राहिले. पाळी निघाली तेव्हा काठाचा एक टवका उडाला होता, बाकी धड. काकांनी ती नळाखाली धरून काथ्याने घासली. खुंट्याचं भोक उघडलं, त्यात जुन्या खुंट्याचा वाळवीने खाल्लेला तुकडा अजून होता. माकडी, म्हणजे पाळीच्या तोंडात आडवी बसते ती लाकडी पट्टी, ती मात्र कधीच गेली होती. गावात सुतारकाम करणारा एक मुलगा आहे, त्याला माकडी म्हणजे काय ते कागदावर काढून दाखवावं लागलं. त्याने बाभळीची करून दिली, खुंटाही केला, आणि म्हणाला, "माझ्या आजोबांनी ह्यो कागद बघितला आसता तर मला मारलं आसतं."

टाकी लावायला, म्हणजे झिजलेला दगड छिन्नीने परत खरबरीत करायला, माणूस मिळणं सगळ्यात अवघड गेलं. पूर्वी उन्हाळ्यात बाया डोक्यावर पाटी घेऊन "टाकी लावायची का, जातं, पाटा, वरवंटा" अशी हाळी देत दारोदार यायच्या. आता कुणी येत नाही. चार ठिकाणी विचारल्यावर सासवडच्या बाजूचे एक म्हातारे पाथरवट मिळाले. त्यांचा मुलगा त्यांना मोटरसायकलवर घेऊन आला. त्यांनी दोन्ही दगड उलटे केले, तळव्याने फिरवून बघितले आणि म्हणाले, "लई चाललंय हे. बगा ताई, आरसा झालाय."

खरंच गुळगुळीत झाला होता. तो गुळगुळीतपणा घडवायला किती पहाटा लागल्या असतील, हा विचार मला तेव्हा सहन झाला नाही. मी म्हटलं, "बाबा, सगळंच नका ना टाकू फोडून. थोडं तसंच राहू दे." त्यांनी छिन्नी खाली ठेवली. "ताई, दगडाला दात नसतील तर दाना सरकंल, पिसनार न्हाई. तुमाला जातं ठेवायचंय का वापरायचंय?" वापरायचंय, म्हटलं. मग त्यांनी मला शेजारी बसवून दाखवलं. मधोमध दगड थोडा खोलगट ठेवायचा, दाण्याला आत शिरायला जागा लागते. कडेला येता येता दोन्ही दगड भिडले पाहिजेत. टाकीचे घाव मधून बाहेर, बाहेर, म्हणजे पीठ आपोआप कडेला ढकललं जातं. टक टक टक, एका तालात, दोन तास. दगडाची भुकटी त्यांच्या भुवयांवर बसली होती. टवका उडालेल्या जागेवर त्यांनी बोट फिरवलं आणि विचारलं, "ह्याची पायरी केलती व्हय?" कसं ओळखलं कोण जाणे. मी मान खाली घातली. ते काही बोलले नाहीत. चारशे रुपये घेतले आणि सांगितलं, की पहिले दोन घाणे कोंड्याचे काढा आणि फेकून द्या, खडी येईल.

तसंच केलं. तिसऱ्या दळणाला नाचणी घेतली आणि धाकल्या आजीला बोलावलं.

धाकली आजी म्हणजे आजीची धाकटी जाऊ. आजीच्या मागून चार-पाच वर्षांनी या घरात आली. पुढे वाटण्या झाल्या, दोन चुली झाल्या, मध्ये काही वर्षं दोघींचं बोलणंही बंद होतं, पण दळण एकत्र. जातं एकच होतं आणि वाटणीत ते कुणी मागितलं नव्हतं. अबोल्याच्या काळात दोघी समोरासमोर बसून एकाच खुंट्याला हात लावायच्या, ओवी एकमेकींच्या तोंडून उचलायच्या आणि दळण झालं की न बोलता उठायच्या. हे मला धाकलीनेच सांगितलं. मी विचारलं, "मग ओव्यांत भांडायचात का?" म्हणाली, "भांडान कोन म्हनतंय? पर ऐकायला जायचं तिला बराबर."

आता ती ब्याऐंशीच्या पुढे आहे. गुडघे गेलेत. तिला खाली बसवायलाच दोघी लागल्या. बसल्यावर तिने जात्याला हात जोडले, हळदकुंकू मागितलं, नव्या खुंट्याला बोटं लावली. मोबाइल मी सुपाच्या कडेला ठेवला होता, तिला दाखवूनच. मग मी विचारलं, "आजीच्या ओव्या सांग ना."

"मला कुटं यत्यात."

"एक तरी."

"इसारले गं बाय सगळं. डोक्यात काय ऱ्हात न्हाई."

खरोखरच तिला काही येईना. तिचं तोंड मी बघत होते, ती टाळत नव्हती. मी जात्याला हात लावला नव्हता, नुसती वही घेऊन बसले होते. मग तिनेच म्हटलं, "वैरन घाल. नुसतं काय बसायचं." सुपातून मूठभर नाचणी घेऊन मी जात्याच्या तोंडात सोडली. दोघींनी खुंटा धरला. तिचा हात खाली, माझा वर. जातं जड गेलं, अडखळलं, मग हलकं झालं. पांढरट-तांबूस पीठ कडेने पडायला लागलं. पाच मिनिटं झाली, दहा झाली. माझा खांदा भरून आला. ती खाली बघत होती. आणि तशीच, मान वर न करता, तिने सूर धरला. बोलायचा आवाज वेगळा आणि हा वेगळा. कोवळा होता, हेच म्हणावंसं वाटतं.

आपल्याकडे म्हणतात, जात्यावर बसलं की ओवी सुचते. ही म्हण मी शाळेत वाक्यात उपयोग करा म्हणून लिहिली आहे. ती शब्दशः खरी आहे, हे त्या दिवशी कळलं. धाकलीच्या ओव्या डोक्यात नव्हत्याच. खांद्यात होत्या. जातं थांबलं की ओवी थांबे. रेकॉर्डिंगमध्ये घरघर फार येतेय म्हणून मी एकदा म्हटलं, "आता नुसतीच म्हण ना, न दळता." तिने दोन शब्द म्हटले आणि तिसरा हरवला. आजीचा तो हवेत फिरणारा हात मला तेव्हा समजला. पुढच्या सगळ्या रेकॉर्डिंगमध्ये घरघर आहे. ती मी काढणार नाही.

त्या दिवशी नऊ ओव्या मिळाल्या. मी पुन्हा गेले, आणि पुन्हा. वहीत आता त्रेसष्ट आहेत. त्यातल्या प्रत्येक ओवीला मी विचारलं, "ही तुझी का तिची?" धाकली या बाबतीत फार काटेकोर. "ही माझी. ही तिची. ही माझी व्हती, तिनं माझ्या तोंडची उचलली आन् नाव बदाललं." कुणाचा गळा हेही ती सांगे. गळा म्हणजे चाल. एकच ओवी दोन गळ्यांवर म्हणता येते आणि आजीचा गळा वेगळा होता, ओळीच्या मध्यावर एक हिसका देणारा, कारण तिथे ती वैरण घालायची. एकेचाळीस ओव्या आजीच्या, असा धाकलीचा निवाडा आहे.

या एकेचाळीस ओव्या उतरवून घेताना मला एक गोष्ट दिसायला लागली. मी शोधत होते ती माझी आजी. पांढऱ्या केसांची, मऊ पोटाची, मला मांडीवर झोपवणारी. ती या ओव्यांत जवळजवळ नाहीच. नात एका ओवीत. लेकरं सहा-सातांत. एकीत आजोबा आहेत:

मुंबईच्या गिरणीचा, भोंगा मला न्हाई ठाव
पत्राच्या पाकिटावं, माझ्या गावाचं गं नाव

आजोबा लालबागला खोलीवर राहायचे, कापड गिरणीत. वर्षातून दोनदा यायचे, गणपतीला आणि शिमग्याला. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि त्यानंतर ते कायमचे घरी आले. म्हणजे लग्नानंतरची तीसेक वर्षं आजी या घरात नवऱ्याशिवाय राहिली. एका गिरणीने माणूस नेला आणि दुसऱ्या गिरणीने जातं बंद पाडलं. धाकली सांगते की पत्र आलं की आजी ते वाचून घ्यायच्या आधी पाकीटच किती तरी वेळ हातात धरून बसायची. वाचता येत नव्हतं. गावाच्या नावाचं अक्षर मात्र ओळखायची.

उरलेल्या जवळजवळ सगळ्या ओव्या बयाला आहेत. आईला. बया हे, बया ते, बयाच्या दारची तुळस, बयाचा हात, बयाची हाक. पंचेचाळीस-पन्नास वर्षांची होईपर्यंत ही बाई पहाटे उठून आईला हाका मारत होती आणि घरात कुणाला ते माहीत नव्हतं. मला तिच्या आईचं नावही माहीत नव्हतं. वडिलांना विचारलं, त्यांनाही नाही. आजीचं माहेर आम्हाला ठाऊक होतं ते तिच्या भावामुळे, मामांमुळे. आई कधी विषयातच नव्हती.

धाकलीने सांगितलं ते असं. आजी तेरा वर्षांची इथे आली. पहिल्या खेपेला, आत्याच्या वेळी, सातवा महिना होता. आषाढ. भातलावणी चालू, नदीला पाणी. बया आजारी असल्याचा निरोप आला तेव्हा सासऱ्यांनी म्हटलं, लावणी उरकू दे, मग जा. चार दिवसांनी दुसरा निरोप आला. होडीवाल्याने पाणी बघून नाही म्हटलं. आजी गेली ती दिवाळीनंतर, मांडीवर आत्याला घेऊन. तोवर त्या घरातली आईची जागाही पुसली गेली होती. ही ओवी त्यानंतरची:

सांगावा आला दारी, बया माझी गेली म्हून
भातलावणीची मूठ, पडली हातातून

मी ही ओवी उतरवून घेतली तेव्हा पेन तिथेच ठेवून दिलं. सासरे म्हणजे माझे पणजोबा. घरात त्यांचा फोटो आहे, फेटा बांधलेला, त्याला दर दसऱ्याला हार घालतो. मला त्यांचा राग आला, अजून आहे. धाकलीला मात्र नाही. "त्येंचं तरी काय चुकलं? रोप वर आल्यावं थांबतंय व्हय?" म्हणाली. मला हे पटत नाही, पण तिच्यापुढे बोलले नाही. त्या चिखलात ती होती, मी नव्हते.

वहीचं काम करताना बोलीचा प्रश्न सारखा यायचा. 'पाण्याखाली' लिहू का 'पान्याखाली'? 'राहिली' का 'ऱ्हायली'? आधी मी शुद्ध करून लिहीत होते, हात तसाच वळलेला. मग परत वाचल्यावर त्या ओव्यांत आजी दिसेना. आता ती क्लिप लावते, ओळीचा तुकडा ऐकते आणि आजीच्या जिभेवर तो कसा आला असता ते ऐकू येईपर्यंत लिहीत नाही. 'बया'चं 'आई' एकदाही केलं नाही.

एवढं सगळं झालं तरी ती अर्धी ओवी पुरी होत नव्हती. धाकलीला क्लिप ऐकवली होती, पहिल्याच दिवशी. तिने मोबाइल कानाला लावला, आजीचा आवाज ऐकला आणि तोंडाला पदर लावला. पुढचं येतं का म्हटल्यावर मान हलवली. दुसऱ्या खेपेलाही तेच. मी समोरच्या तीरावर आजीच्या माहेरी जाऊन आले, तिच्या भावजयीला भेटले. तिने पुष्कळ लाड केले, तांदळाची भाकरी केली, पण ओवी तिच्याकडे नव्हती. माहेरच्या वाटेची ओवी माहेरात कशी असणार? ती सासरी, जात्यावर झालेली. हे मला परत येताना, पात्रातल्या कोरड्या भेगांवरून चालताना लक्षात आलं. त्या वाटेचे दगड अजून आहेत. काही ठिकाणी पायऱ्यांसारखे रचलेले, गाळाने भरलेले. मी सावकाश चालले.

शेवटची खेप जूनमध्ये झाली. पहिला पाऊस पडून गेला होता, काका पेरणीच्या गडबडीत. मी काही मागायला गेले नव्हते. धाकलीचं नाचणीचं पीठ संपलं होतं, आणि ती म्हणे, गिरणीचं आता गोड लागत नाही. म्हणून पहाटेच बसलो. दिवा लावला नव्हता, मागच्या दारातून थोडा उजेड येत होता. पायरीच्या जागी काकांनी नवा दगड बसवलाय. मोबाइल मी आतच ठेवला होता.

तिने नेहमीसारखी देवाची ओवी म्हटली, मग तिच्या भावाची, मग लेकाची. मी मागून ओळ उचलत होते, माझा गळा अजून बसत नाही, पण ती काही म्हणत नाही. बाहेर पावसाची सर आली आणि पत्र्यावर एकदम वाजायला लागली. धाकलीने दाराकडे बघितलं. धरणाच्या बाजूला. हात थांबला नव्हता. आणि तिने तो दुसरा गळा धरला, मध्येच हिसका देणारा. आजीचा.

माहेराची माझ्या वाट, भरल्या पाण्याखाली
सांगा माझ्या बयाला, लेक काठाला उभी ऱ्हायली

मी खुंट्यावरचा हात काढला. मला दिसेनासं झालं होतं. जातं एका हाताने जड गेलं, अडलं. धाकलीने माझं मनगट पकडलं, पिठाने माखलेल्या हाताने, आणि परत खुंट्यावर आणून ठेवलं.

"सोडू नगं," ती म्हणाली. "वैरन घाल."